अचानक पोट दुखून ऑपरेशन झालं आणि रिपोर्टमध्ये लिम्फोमा आला. हे आधी कळायला नको होतं का?

भावाचं पोट दुखलं, आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं, रात्रीच ऑपरेशन झालं आणि आता रिपोर्टमध्ये 'लिम्फोमा', म्हणजे रोगाशी लढणाऱ्या लिम्फॉइड पेशींचा कॅन्सर. आधी का कळलं नाही आणि गाठ काढली म्हणजे संपलं का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी कोकणात तालुक्याच्या गावी सर्जन आहे. आधी कळणं खरंच अवघड असतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग एंडोस्कोपीच्या वाटेवर सहजी येत नाही. नेमक्या त्याच भागात लिम्फॉइड पेशींचे पुंजके जास्त, म्हणून गाठही तिथेच धरते. अधूनमधून पोट दुखतं, वजन उतरतं, आणि सगळे ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसतात. मग एक दिवस आतडं अडकतं, नाहीतर फुटतं.

माझ्याकडे असाच एक तरुण आला होता. सदऱ्याची बाही आत दुमडावी तसं आतडं आत गेलेलं. लहान बाळात असं बहुतेकदा गाठीशिवाय होतं. मोठ्या माणसात मात्र टोकाला काहीतरी असणार, असं धरूनच चालायचं. कापलेली गाठ सुरमईच्या तुकडीसारखी, फिकट, गुळगुळीत. तरी मी नातेवाइकांना म्हणालो, "टीबी असेल." आपल्याकडे तोच जास्त दिसतो ना! एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, लगेच सुरू केली नाहीत, हे नशीब.

आता दुसरा प्रश्न. गाठ काढली म्हणजे संपलं, असं नाही. लिम्फोमा हा रक्ताच्या पेशींचा आजार. ऑपरेशनने जीव वाचला, आजारावरचा इलाज बहुतेकदा केमो. लॅबमधून गाठीच्या स्लाइड्स आणि तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक आजच मागून घ्या. प्रकार कोणता, हे त्यांवरच्या आयएचसी तपासणीतून (पेशींवरची प्रथिनं रंगवून ओळखण्याची तपासणी) ठरतं, आणि औषधही त्यावरच. मोठ्यांमध्ये बहुतेकदा डिफ्यूज लार्ज बी सेल प्रकार निघतो. त्याला साधारणपणे आर-चॉप नावाची केमो (अनेक औषधं एकत्र) देतात, दर 21 दिवसांनी. त्याआधी हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि हृदयाची टूडी इको करून घेतात. केमोसाठी टाके भरेपर्यंत थांबावं लागतं, पण कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायला टाके भरायची वाट बघू नका.

आणखी एक. आतड्यात गाठ उरली असेल तर केमोने ती विरघळताना तिथेच भोक पडू शकतं. केमोनंतर पोट कडक झालं, ताप आला, तर सकाळ होऊ देऊ नका, रात्रीच दवाखाना गाठा.