तत्त्वज्ञान म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत का?

तुमचा प्रश्न असा आहे, की दिवसभर राबणाऱ्याला जगण्याचा अर्थबिर्थ शोधायला सवड कुठून मिळणार. तेव्हा तत्त्वज्ञान हे पोट भरलेल्यांचेच चोचले नाहीत का?

विचाराला सवडच लागते, हे मला पटत नाही. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, अशी कामं असतात. आपल्याकडचं त्याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे जातं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीनं अधूनमधून मूठभर दाण्यांची वैरण टाकायची आणि फेऱ्याच्या ठेक्यावर ओवी उचलायची. सासर, माहेर, बाईचा जन्म, मरण. दिवसा तोंडातून काढायची सोय नव्हती ते सगळं त्या घरघरीच्या आडोशाला बोललं जायचं. एका ओवीत बाई जात्यालाच ईश्वर म्हणून विनवते: मला जड जाऊ नकोस, नाहीतर सयाबाया माझ्या आईचं दूध जोखतील. देव, कष्ट, आईची अब्रू आणि चारचौघींची नजर, सगळं दोन ओळींत. मला दोन पानं लागली असती.

संत जनाबाई तर त्याही पुढे जातात. त्यांचा विठ्ठल दळायला, कांडायला स्वतः हात लावतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला त्यांचं म्हणून एक जातं आजही दाखवतात. देवाला शोधायला काम सोडून जायची गरज नाही, उलट त्यालाच कामाला लावावं, हा विचार मला तरी भल्याभल्या भाष्यांपेक्षा धीट वाटतो.

आणि बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरोट्यावर म्हणजे जात्यावर सुचेल ते म्हणत गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी काही उतरवून घेतलं म्हणून ते उरलं. पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतर. आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

म्हणून जात्याचे गोडवे गायचे नाहीत हं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा हातावरचे घट्टे गेले, आणि ओवीसाठी जातं परत आणा असं कुठली बाई म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य. विचार करायला नाही, पण तो आपल्या नावावर टिकवायला सवड लागते, शाई लागते, लिहून घेणारं कुणीतरी लागतं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात गाणारीचं नाव आहे, गाव आहे. ओवी पहिल्यांदा कुणी रचली ते बहुतेक ठिकाणी गाणारीलाही सांगता येत नाही. ती म्हणते, आईकडून ऐकली.