अहवालात ‘मेटॅलोथायोनिन पॉझिटिव्ह’ आलंय, आता पुढे काय?

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय ४७. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा परिणाम रोखणारी गोळी) सुरू. सोबत मुलगी. फाइल उघडून त्यांनी थेट शेवटचं पान पुढे केलं. गाठीचा नमुना संशोधनासाठी वापरायला त्यांनी संमती दिली होती आणि त्या तपासणीची एक ओळ अहवालासोबत घरी आली होती : मेटॅलोथायोनिन, ७० टक्के पेशी पॉझिटिव्ह. मुलीने इंटरनेटवर शोधलं, तर ‘धातू बांधणारं प्रथिन’ आणि ‘आजार वाईट वळण घेण्याची शक्यता’ हे एकाच वाक्यात सापडलं.

“माझ्या अंगात धातूचं विष साठलंय का? आणि मी आता थोड्याच दिवसांची सोबती का?”

या दोन प्रश्नांच्या आड दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. कुणाच्या तरी सल्ल्याने रोज ५० मिलिग्रॅम झिंक (जस्त) सुरू झालं होतं. आणि ‘आता औषधाचा काय उपयोग’ म्हणून टॅमॉक्सिफेन आठवडाभर बंद होतं. खरा धोका इथे होता, त्यामुळे प्रथिनाची चर्चा बाजूला ठेवून आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट घ्यायच्या नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग फाइल पहिल्या पानापासून वाचली. गाठ १.८ सेंटिमीटर. काढलेल्या तिन्ही सेंटिनल लसिकाग्रंथींत (कर्करोग पसरल्यास जिथे आधी पोहोचतो त्या काखेतल्या ग्रंथी) कर्करोग नाही. ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात याची श्रेणी) २. हर्टू या वाढीच्या प्रथिनाची तपासणी १+, म्हणजे निगेटिव्ह. इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं इस्ट्रोजेन पकडणारं प्रथिन, किती आहे हे सांगणारा ऑलरेड गुणांक ८ पैकी ८. हा शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा, कारण तो आजाराचा कल तर सांगतोच, शिवाय कोणतं औषध लागू पडेल हेही सांगतो. अशा रिसेप्टर पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने तो उलटण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. मेटॅलोथायोनिनच्या आकड्यावरून आज कुठलाही नेहमीचा उपचार ठरत नाही.

आता ते प्रथिन. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडातून ते प्रथम वेगळं काढलं गेलं. साठ-बासष्ट अमिनो आम्लांच्या या छोट्या साखळीत २० सिस्टीन असतात आणि त्यांच्या गंधकाला जस्ताचे सात अणू बांधले जातात. जस्त-तांब्याचा तोल सांभाळणं आणि कॅडमियमसारख्या घातक धातूला अडकवून ठेवणं हे त्याचं काम. ते प्रत्येकाच्या शरीरात असतं. निरोगी स्तनातही दूधनलिकांभोवतीच्या मायोएपिथेलियल पेशी या तपासणीत गडद रंगतात. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ त्या पेशींत प्रथिन आहे एवढाच, धातूचं प्रमाण ही तपासणी मोजतच नाही.

भवितव्याशी त्याचा संबंध जोडला जातो, तो उगाच नाही. डक्टल (दूधनलिकांत सुरू होणाऱ्या) प्रकारच्या कर्करोगात हे प्रथिन जास्त असलेल्या गाठी बऱ्याच अभ्यासांत वरच्या ग्रेडच्या आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर नसलेल्या निघाल्या. मात्र ग्रेड, ग्रंथी आणि रिसेप्टर हिशेबात धरल्यावर प्रथिनाचं वेगळं वजन किती उरतं, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पद्धतही सारखी नसते : कुणी १० टक्के पेशींना पॉझिटिव्ह म्हणतं, कुणी रंगाची तीव्रताही गुणते. तपासणीत प्रथिन ओळखायला नेहमी वापरली जाणारी ई९ प्रतिपिंडं एमटी-१ आणि एमटी-२ या मेटॅलोथायोनिनच्या दोन प्रकारांत फरक करत नाहीत. त्यात जस्त, स्टेरॉइड, पेशींवरचा ताण यांनीही हे प्रथिन वाढतं. आणि अभ्यास सांगतो तो शेकडो स्त्रियांचा सरासरी कल. एकीचं आयुष्य त्यावरून मोजता येत नाही. बाईंच्या बाबतीत तर ग्रेड आणि रिसेप्टर दोन्ही डोळ्यांसमोर होते. ज्यांचा अंदाज या प्रथिनावरून बांधायचा, त्याच गोष्टी थेट मोजलेल्या होत्या.

झिंक डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवलं. प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. जास्त जस्ताने आतड्याच्या पेशींत हेच मेटॅलोथायोनिन वाढतं, ते तांबं धरून ठेवतं आणि पेशी झडल्या की तांबं शौचावाटे निघून जातं. असं महिनोन्‌महिने चाललं तर रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात. ‘धातू काढून टाकणाऱ्या’ चिलेशनचा विषयही मुलीने काढला. विषबाधा सिद्ध झालेली नसताना ते करू नये; त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ईडीटीए या औषधाचा चुकीचा प्रकार दिल्याने रक्तातलं कॅल्शियम कोसळून मृत्यू झालेले आहेत.

झोप उडाली होती, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. चिठ्ठीत टॅमॉक्सिफेनचा ठळक उल्लेख केला, कारण पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधांमुळे त्याचं शरीरातलं कार्यक्षम रूप कमी तयार होतं. अशा वेळी दुसरं औषध निवडता येतं.

पुढचं वेळापत्रक फाइलच्या पहिल्या पानावर लावलं : पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राम. नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, धाप किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव दिसला, तर तारखेची वाट न पाहता जायचं.