नकाशातली ‘मोकळी जागा’

प्रश्न : आमच्या चेंदणी कोळीवाड्यासाठी एका विद्यापीठाचे विद्यार्थी आराखडा करीत आहेत. जाळी वाळवण्याचे अंगण त्यांनी ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवले आहे. आमच्या म्हणण्याला किंमत आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, पण ते लेखी दिले तर. विद्यापीठाचा आराखडा हा अभ्यास असतो. बंधनकारक ठरते ती विकास योजना (शहरातली कोणती जमीन कशासाठी, हे ठरवणारा महापालिकेचा आराखडा), आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार तिचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतीत कोणालाही हरकती-सूचना देता येतात. कलम २८ मध्ये सुनावणीची तरतूद आहे. मात्र तोवर थांबू नका. जाळी पसरलेली असतानाच विद्यार्थ्यांना बोलवा, मासळी विकणाऱ्या बायकांशी बोलायला लावा (त्या सहसा वगळल्या जातात, हे मला फार खटकते) आणि दुरुस्त नकाशाची मराठी प्रत मागून घ्या. हरकतीला तीच जोडता येईल.