पायाला हव्यात, डोळ्याला नकोत

प्रश्न : माझ्या बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे. अंगठ्याजवळची जखम तीन महिने झाले तरी भरत नाही. जिनसेंग आणि मंडूकपर्णीमुळे नवीन रक्तवाहिन्या तयार होतात, असं वाचलं. दोन्हींच्या कॅप्सूल सुरू करू का? डोळ्याच्या पडद्यासाठी त्यांना इंजेक्शनंही चालू आहेत.

उत्तर : तुम्ही जाता जाता लिहिलेलं शेवटचं वाक्यच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. मधुमेहात पडद्याला प्राणवायू कमी पडला की तिथे व्हीईजीएफ हे प्रथिन वाढतं आणि नव्या रक्तवाहिन्या तयार होऊ लागतात. पण त्या कच्च्या असतात, पाझरतात, कधी फुटून डोळ्यात रक्त उतरतं. बाबांची इंजेक्शनं बहुधा हेच प्रथिन अडवणारी असतील. म्हणजे डॉक्टर डोळ्यात जे थांबवतायत, तेच तुम्ही पोटातून वाढवायला निघालात. कॅप्सूलने डोळा बिघडेलच असं नाही. पण पोटात गेलेलं औषध फक्त अंगठ्यापाशीच जाऊन थांबत नाही.

वाचलंत ते खोटं नाही. मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड, कोरफडीतलं बीटा-सिटोस्टेरॉल यांचा असा परिणाम प्रयोगांत दिसला आहे. पण कसल्या प्रयोगांत? औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी स्वतः ही चाचणी केली आहे. कोंबडीचं फलित अंडं उबवायचं, कवचाला छोटी खिडकी पाडायची, आतल्या पटलावर अर्काचा थेंब ठेवायचा आणि काही दिवसांनी वाहिन्या मोजायच्या. गंमत अशी, की कवचाचा चुरा आत पडला तरी पटल चिडतं आणि वाहिन्या वाढतात! तेव्हापासून ‘अर्काने वाहिन्या वाढल्या’ हे वाक्य मी दोनदा वाचते.

जिनसेंगची तर आणखीच तऱ्हा. त्यातलं आरजी-१ हे द्रव्य वाहिन्या वाढवतं, तर आरबी-१ हे द्रव्य त्या रोखतं. दोन्ही एकाच मुळात. प्रमाण बदललं की परिणाम उलटा. डबीवर ‘जिनसेंग अर्क’ एवढंच छापलेलं असेल, तर तुम्ही नेमकं काय देताय?

आता पाय. मांडीतली किंवा पोटरीतली मोठी धमनी तुंबली असेल, तर जखमेभोवती कितीही नव्या केशवाहिन्या तयार होवोत, त्यांत रक्त येणार कुठून? धरणाचा दरवाजा बंद आणि आपण शेतात पाट काढतोय! म्हणून आधी पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघायला सांगा. धमनी अडलेली निघाली तर ती मोकळी करता येते का, हे रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक ठरवतील. जखमेवर भार पडणार नाही अशी पादत्राणं, मेलेली त्वचा वेळोवेळी काढणं, साखर आटोक्यात आणि तंबाखू पूर्ण बंद, याला पर्याय नाही. बोट काळं पडू लागलं, वास आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कॅप्सूल तूर्त नकोत. आधीच आणल्या असतील तर डबी नेऊन डोळ्यांच्या आणि मधुमेहाच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. बाबा वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध घेत असतील तर तेही सांगा. जिनसेंगने त्याचा परिणाम कमी होऊ शकतो.