मरीन स्नोला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की मायक्रोप्लास्टिकमुळे समुद्रातलं कार्बनचक्र कसं बिघडतं यावरच्या एका मराठी लेखात 'सागरी हिम' असा शब्द होता, वाचणाऱ्याला आधी वाटलं उत्तर ध्रुवाबद्दल चाललंय, दोन परिच्छेद झाल्यावर कळलं की हे इंग्रजीतलं मरीन स्नो, तर हा शब्द बरोबर आहे का आणि आपला दुसरा काही आहे का.

आहे. 'साका'.

आधी ती वस्तू काय आहे ते बघू. समुद्राच्या वरच्या थरात, जिथवर ऊन पोचतं तिथवर, डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पती हवेतून पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात. त्या मरतात, त्यांना खाणारे बारीक जीव मरतात, त्यांची विष्ठा, चिकट स्राव, धूळ, असं सगळं एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि हळूहळू खाली जायला लागतात. अर्धा मिलिमीटरपेक्षा मोठा पुंजका असला की त्याला मरीन स्नो म्हणतात. वाटेत बहुतेक माल जिवाणू खाऊन टाकतात, जो थोडा खोलवर पोचतो त्यातला कार्बन शेकडो वर्षं हवेत परत येत नाही. म्हणजे सगळा खेळ खाली बसण्याचा आहे, आणि किती वेगात बसतो याचा.

स्नो हा शब्द का आला तेही समजण्यासारखं आहे. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी पाण्याखाली सोडलेल्या कक्षातून बघताना दिव्याच्या उजेडात पांढरे कण भुरभुरत खाली येताना पाहिले आणि १९५३ च्या निबंधात हे नाव वापरलं. होक्काइडोला दर हिवाळ्यात दारात बर्फाचे ढीग असतात, त्यांना दुसरं काय आठवणार! पण आपल्याकडे हिम म्हटलं की हिमालय, आणि बर्फ म्हटलं की गोळा नाहीतर फ्रीज. त्यात विषय कार्बनचा आणि तापमानवाढीचा असला की वाचणारा लगेच 'वितळणं' याच क्रियापदाकडे जातो. मरीन स्नो वितळत नाही हो, ते बसतं किंवा वाटेत कुजतं. चुकीचं क्रियापद डोक्यात बसवणारा शब्द मला नको वाटतो, मग तो शब्दशः कितीही बरोबर असो.

आता साका. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होतात त्यांना सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चोथा पिळून काढायचा आणि तो पांढरा चीक पातेल्यात रात्रभर न हलवता ठेवायचा. माझी आई पातेल्याला हातसुद्धा लावू द्यायची नाही. सकाळी झाकण काढलं की वर पिवळसर निवळ आणि खाली घट्ट साका, निवळ अलगद ओतून द्यायची आणि साका शिजवायचा. बघा, एका पातेल्यात केवढे शब्द आहेत, चीक, चोथा, निवळ, साका, आणि साका 'बसतो' हे क्रियापद तर आयतंच मिळतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जे पुंजके जमून तळाला जातात तेही हेच, बारीक कण एकमेकांना धरतात म्हणून जड होऊन बसतात.

कुणी म्हणेल साका म्हणजे बसलेला गाळ, पडत असलेला नाही. आक्षेप योग्य आहे. म्हणून पडणाऱ्या गोष्टीला 'साक्याचे पुंजके' म्हणावं आणि प्रक्रियेला 'साका बसणं', यात कुठे अडत नाही. नुसतं 'गाळ' मात्र नको, तो नदीचाही असतो आणि धरणातलाही.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे, या शब्दाला २००४ मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या निबंधामुळे चलन मिळालं, तो आता सगळ्यांच्या तोंडी आहे, तो तसाच राहू दे. हे तुकडे साक्यात शिरतात. पिशव्यांचं पॉलिथिलीन समुद्राच्या पाण्यापेक्षाही हलकं, म्हणजे बसणाऱ्या पुंजक्यात न बसणारा माल. २०१६ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात कोपेपॉड नावाच्या तांदळाच्या कणीएवढ्या जीवांना पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे बारीक मणी खाऊ घातले तर त्यांच्या लेंड्या सव्वादोन पट हळू खाली गेल्या. (हो, लेंड्याच. परिभाषेत 'विष्ठागोलिका' वगैरे लिहितात, पण शेळीमागची गोळी बघितलेल्या माणसाला लेंडी म्हटल्यावर आकारासकट कळतं.) हळू गेल्या म्हणजे जिवाणूंना खायला जास्त वेळ मिळाला. अर्थात हे प्रयोगशाळेतलं आहे, आणि शेवाळाच्या पुंजक्यांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात एका जातीचे पुंजके प्लास्टिकमुळे मंदावले तर दुसरीचे उलट वेगात गेले, म्हणून 'साका बसणं थांबतं' असं सरसकट लिहू नये.

हे सगळं लांबचं नाही. गोव्याच्या दोनापावलातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतलं हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर नरसाळ्यासारखे सापळे टांगून हा साका गोळा केला, आणि नैर्ऋत्य मान्सूनच्या दिवसांत तो भरपूर पडतो असं दिसलं. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे खाली साका पडत असतो, मला हे फार सुंदर वाटतं.

जाता जाता 'कार्बन'बद्दल. कार्बनला आपल्याकडे 'कर्ब' आहेच, माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' हा शब्द गावोगाव शेतकरी वाचतात, कर्ब कमी झाला म्हणून शेणखत घालतात. समुद्रात खाली जाणाराही सेंद्रिय कर्बच आहे. तेव्हा त्या लेखातलं वाक्य मी असं लिहिलं असतं: 'मायक्रोप्लास्टिक पोटात गेलं की या जीवांच्या लेंड्या हलक्या होऊ शकतात, साका सावकाश बसू शकतो, आणि तळाला जायचा सेंद्रिय कर्ब वाटेतच कुजून वरच्या पाण्यात राहू शकतो.'