‘ऑन कंट्री’ म्हणजे देशावर? की मुलखात?

एका ताईंनी विचारलंय: मुलगी ऑस्ट्रेलियात आर्किऑलॉजी शिकतेय, फील्डवर्कला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडूच्या भागात जाऊन आली आणि आता तिथल्या शैलचित्रांवर मराठीत लेख लिहितेय. तिच्या नोट्समध्ये जिथे तिथे ‘कंट्री’ आहे, तिथले मूळ रहिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोक, आपल्या पूर्वापार प्रदेशाला इंग्रजीत तसं म्हणतात. आम्ही कंट्रीवर होतो, लोक कंट्रीची काळजी घेतात, कंट्री आजारी पडते. ताईंनी ‘देश’ सुचवला, मुलीला तो पटत नाहीये.

ताई, मुलीचं बरोबर आहे, पण तुमचाही शब्द मुळात चुकीचा नव्हता. जुन्या मराठीत देश म्हणजे एवढा मोठा झेंडा-पासपोर्टवाला देश नव्हताच, देशमुख-देशपांडे हे परगण्याचे वतनदार, म्हणजे त्यांचा ‘देश’ चालत जाऊन दोन-चार दिवसांत पालथा घालता येईल एवढा. ‘कंट्री’चं माप साधारण असंच असतं. पण आता देश म्हटलं की भारत नाहीतर ऑस्ट्रेलिया एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि ‘देशावर गेलो’ असं लिहिलं तर आमच्या कोकणातला माणूस समजणार की पोरगी घाट चढून कोल्हापूर-साताऱ्याकडे गेली. तेव्हा देश नको.

या लोकांच्या मूळ भाषांत काय म्हणतात ते बघा, मला तिथेच सगळ्यात जास्त मजा आली. वाळवंटातल्या वॉर्लपिरी भाषेत शब्द आहे ‘ङुर्रा’. (आपला ङ बिचारा वाङ्मयात अडकून पडलाय, तिकडे तो शब्दाच्या सुरुवातीला येतो.) ङुर्रा म्हणजे आज रात्री जिथे मुक्काम केला ती जागा, घर पण तेच, आणि पूर्वजांपासूनचा आपला सगळा प्रदेश पण तेच. काकाडूच्या बाजूला बिनिंज लोकांचा ‘कुनरेड’ शब्द पण साधारण असाच, तळ, घर, मुलूख सगळं एकात. मराठीत याच्या सगळ्यात जवळ जातो तो ‘गाव’, म्हणजे मुंबईत तीस वर्षं काढलेला माणूस ‘गावाला चाललोय’ म्हणतो ना, तो. पण गाव म्हटलं की वस्ती आली, आणि कंट्रीत नदी, खडक, कांगारू, वणवा, पूर्वजांच्या वाटा, सगळं येतं. म्हणून माझं मत ‘मुलूख’.

आता कुणी म्हणेल मुलूख अरबीतून आलेला, त्याच्या मुळाशी मालकी आणि राज्य, आणि हे लोक तर म्हणतात जमीन आमची नाही, आम्ही जमिनीचे. खरंय. पण शब्द कुठून आला यापेक्षा तो आज कसा वापरतात ते बघावं लागतं. ‘आमच्या मुलखात असं करत नाहीत’ हे वाक्य घ्या, त्यात जमीन, माणसं आणि रीत तिन्ही एकत्र येतात. देश किंवा भूमी घालून तेच वाक्य परत म्हणून बघा, नाही जमत. मातृभूमी तर अजिबात नको, लगेच भाषण वाटायला लागतं.

एक गोष्ट मुलीने लेखात नक्की लिहावी, कारण शब्दाचा खरा मुद्दा तिथे आहे. आर्किऑलॉजीत ‘साइट’ असते, नकाशावरचा एक ठिपका, जीपीएसचे आकडे. मुलखाला असा ठिपका नसतो. काकाडूच्या बाजूलाच माजेदबेबे नावाची एक कपार आहे (कपारच लिहा हो, गुहा नको, वर नुसतं कातळाचं छप्पर असतं), तिच्या भिंतीवर हजाराच्या वर चित्रं आहेत आणि खाली खोदल्यावर घासलेला गेरू मिळाला, २०१७ मध्ये तिथल्या वस्तीचा काळ सुमारे ६५,००० वर्षं असा छापून आला. क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीच्या टीमने ते काम केलं, पण करार असा होता की तो मुलूख ज्यांचा त्या मिरार लोकांनी थांबा म्हटलं की खोदकाम थांबणार. याच्या उलट २०२० च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातल्या जूकन गॉर्जच्या कपारी, जिथे ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या वावराचे पुरावे होते, लोखंडाच्या खाणीसाठी सुरुंग लावून उडवल्या आणि कायद्याने त्याला परवानगी होती. मला ते वाचून रात्री झोप लागली नव्हती. ठिपका पुसता येतो, म्हणून तर म्हणतोय की शब्द नीट निवडा. २०२५ मध्ये त्याच पिलबाराच्या किनाऱ्यावरच्या मुरुजुगाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तिथे दहा लाखांच्या वर चित्रं असावीत असा अंदाज आहे, तरी यादीत नाव चित्रांचं नाही, मुरुजुगाच्या सबंध सांस्कृतिक भूदृश्याचं आहे. आणि ती खडकावर कोरलेली आहेत, रंगवलेली नाहीत, तेव्हा त्यांना शैलचित्रं न म्हणता आपला कोकणातला ‘कातळशिल्प’ शब्द द्या.

‘ट्रॅडिशनल ओनर’ला, म्हणजे मुलखावर परंपरेने हक्क असलेल्या लोकांना, मात्र पारंपरिक मालकच म्हणा. ‘राखणदार’ कानाला गोड लागतो आणि ‘कस्टोडियन’ला बरोबर बसतो, पण ओनर हा १९७६ च्या जमीनहक्क कायद्यातला शब्द आहे, भांडून मिळवलेला, तो आपण मऊ करायचा नाही. आदिवासी शब्द अर्थाने चालेल, पण आपल्याकडे त्याला भिल्ल-कातकरी-वारली असे संदर्भ चिकटलेत, त्यापेक्षा मिरार, जावोइन असं थेट नाव घ्यावं आणि सगळ्यांना मिळून अ‍ॅबोरिजिनल.

‘कंट्री आजारी’ तसंच ठेवा, मुलूख आजारी. जावोइन लोकांच्या मुलखाच्या एका भागाला इंग्रजीत ‘सिकनेस कंट्री’च म्हणतात, तिथली जमीन उकरली तर रोगराई येते असं ते सांगत आले. त्या भागात युरेनियम आहे. १९९१ मध्ये सरकारने तिथली नवी खाण नाकारली, ती मात्र सोन्या-प्लॅटिनमची होती.

राहिलं ‘कॉलिंग आउट टू कंट्री’. नवीन माणूस चित्रांच्या जागेकडे न्यायचा असला की तिथला म्हातारा आधी मोठ्याने मुलखाला हाक मारून सांगतो की ही पोरं कोण, कुठून आली, कशाला आली, यांना सांभाळ. मुलीने याला ‘आवाहन’ लिहिलंय म्हणे. ताई, याला आपल्याकडे अख्खा तयार शब्द आहे, गाऱ्हाणं, तक्रारीचं नव्हे, कोकणात देवापुढे घालतात ते. मुलखाला गाऱ्हाणं घातलं, बस. माझे वडील मालवणकडे गावी गेलो की अनवाणी उभे राहून, हातात नारळ धरून गावच्या राखणदार देवाला घालायचे: ‘बा देवा म्हाराजा, परमुलखात ऱ्हवणारी पोरां आज तुझ्या पायाकडे इली हत, काय चुकला-माकला तर पदरात घे, तेंची राखण कर रे म्हाराजा.’