जुनी गाडी थरथरते, ॲव्हरेजही पडलं: इंजिन उघडण्याआधी टेम्परेचरचा काटा बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २००५ ची पेट्रोल वॅगनआर, केए २३ (चिक्कोडी) पासिंग. आधी लिटरला १५ किलोमीटर द्यायची, आता साडेदहावर आली. सिग्नलला उभी असली की थरथरते, सकाळी पहिले पाच किलोमीटर झटके मारते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी धरते. निपाणी-बेळगाव हायवेवर जास्त पेट्रोल पिते, गावात फिरताना तेवढी नाही. एक जण म्हणतो इथेनॉलमुळं असं झालंय, दुसरा म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन काम करा. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की गेल्या एप्रिलमध्ये गाडी तापली होती, रस्त्यातल्या एका गॅरेजात 'पाण्याचं काम' करून घेतलं.

माझं अख्खं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे. खरं त्याआधी बाकीच्या दोघांचं म्हणणं तपासून घेऊ, कारण इंजिन उघडायला लागणारा पैसा लहान नाही.

आधी इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्यामुळं वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडतं, हे खोटं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे. आता १५ चे ७ टक्के काढा, एक किलोमीटर येतो. तुमचे साडेचार गेलेत. उरलेले साडेतीन दुसरीकडं कुठंतरी गळतायत. दुसरं म्हणजे, इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळं पेट्रोल-हवेचं मिश्रण झालंच तर पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. काजळी धरते ती जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळाल्यावर. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं म्हणून त्याची बाजू घेत नाही, तुमच्या गाडीची लक्षणंच उलटी आहेत. जुने रबरी पाईप आणि ओरिंगा (जोडावरच्या गोल रबरी रिंगा) मात्र इथेनॉलनं खराब होऊ शकतात. पेट्रोलचा वास येतो का, पाईप ओला आहे का, एवढं एकदा बघून घ्या.

आता रिंगा. रिंगा गेल्या तर ऑइल वर चढून जळतं, धूर निळसर येतो आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल कमी होत जातं. तुम्हीच लिहिलंय की ऑइलची पातळी हलत नाही आणि निळा धूर नाही. मग रिंगांवर संशय कशाला? तरीही कुणी आग्रह धरला तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजायचं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोलचा पुरवठा आणि करंट बंद, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारायचा. चारही आकडे कंपनीनं दिलेल्या किमान दाबाच्या वर आणि एकमेकांच्या जवळ, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या फरकात आले, तर इंजिनाला हात लावू देऊ नका. एखादा खाली आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. अर्ध्या तासाचं काम आहे. हे न करता इंजिन उघडायला सांगणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आता माझा अनुभव सांगतो. मी मेकॅनिक नाही. बेळगावच्या उद्यमबागमध्ये मशीन शॉपला बावीस वर्षं काम करतोय, त्यामुळं मोजल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. माझ्या २००३ च्या पेट्रोल गाडीचं अगदी असंच झालं होतं. १४ वरून ११. मी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. चार दिवस बरं वाटायचं, मग परत तेच. आमच्या अनगोळच्या गल्लीत बस डेपोतून निवृत्त झालेले एक मेस्त्रीकाका राहतात. एका डिसेंबरच्या सकाळी त्यांना घेऊन खानापूरला निघालो होतो. पिरनवाडी मागं पडली तरी ते रस्त्याकडं बघतच नव्हते, डॅशबोर्डकडं बघत होते. मला म्हणाले, "अरे, गाडीला थंडी वाजूलालीय बघ. काटा वर कुठं येऊलालाय?"

खरंच, काटा तळाच्या रेघेच्या जरा वर होता आणि खानापूरपर्यंत तिथंच राहिला. मी तो वर्षभर रोज बघत होतो. काटा खाली आहे म्हणजे गाडी तापत नाही, म्हणजे चांगलंच आहे, असं समजत होतो.

घरी येऊन इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, दहाच्या पान्यानं थर्मोस्टॅटच्या (तापमान बघून पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेच्या) झाकणाचे दोन बोल्ट काढले. झाकण उचललं तर आत काहीच नव्हतं. थर्मोस्टॅट बसायची गोल खाच रिकामी, तिच्या कडेला बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार, आणि गॅस्केटच्या जागी नुसती सिलिकॉनची पेस्ट. आधी कधीतरी गाडी तापली तेव्हा एका गॅरेजात तो काढून टाकला होता. मला सांगितलंही नव्हतं. आपल्याकडं हा जुना समज आहे, की आपली हवा गरम, थर्मोस्टॅट थंड देशातल्या गाड्यांना लागतो, काढला की कटकट मिटली.

कटकट मिटत नाही. थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवायला नसतोच, लवकर गरम करायला आणि मग त्या तापमानाला धरून ठेवायला असतो. साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तो बंद राहून पाणी इंजिनातच फिरवतो, मग उघडून रेडिएटरकडं सोडतो. तो नसला किंवा उघडा अडकला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. हायवेवर समोरून वारा लागतो, इंजिन ५०-६० अंशांवरच घुटमळतं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून तापायचंय, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीचा चोक ओढून ठेवावा तसा तो पेट्रोल वाढवून देत राहतो. गावात गर्दीत वारा कमी, त्यामुळं इंजिन जरा तापतं आणि गाडी जरा बरी चालते. तुमची गाडी हायवेवर जास्त पिते असं लिहिलंय ना, ते वाचल्यावर माझा संशय पक्का झाला. निरोगी गाडीचं उलटं असतं.

तेव्हा उद्या सकाळी हे करा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडा, स्टार्ट करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाईपला अधूनमधून हात लावून बघा. फॅनपासून हात आणि बाही लांब ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग एकाएकी चटका बसेल एवढा गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकलाय. नंतर तवंदी घाटाच्या अलीकडं-पलीकडं सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालवून काटा कुठं थांबतो ते बघा. मध्याच्या आसपास यायला हवा. रेडिएटरची टोपी मात्र गरम इंजिनावर उघडू नका, वाफेनं तोंड भाजतं.

नवा थर्मोस्टॅट काहीशे रुपयांत मिळतो. बसवण्याआधी मी घरी तपासला होता, तुम्हीही तपासा. त्याच्या मिटलेल्या झडपेत एक दोरा चिमटून दोऱ्यावर तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवला, शेजारी कारखान्यातला थर्मामीटर. गॅस बारीक. ७० झाले, ७५ झाले, ८० झाले, काही नाही. ८३ ला झडप सरकली, दोरा सुटला आणि थर्मोस्टॅट टणकन पातेल्याच्या तळाला पडला. त्याच्यावर ८२ कोरलेलं होतं. एवढ्या साध्या वस्तूनं वर्षभराचं पेट्रोल खाल्लं होतं. बसवताना त्यावरची बारीक हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवायची म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. आणि बोअरचं पाणी घालू नका, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला.

एक मात्र आधी विचारून घ्या. गाडी एप्रिलमध्ये तापली होती ती कशानं? रेडिएटर चोकलेला असेल, फॅन फिरत नसेल किंवा वॉटर पंप गळत असेल, तर नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर ती परत तापेल आणि दोष थर्मोस्टॅटवर येईल. तो काढून मूळ आजार झाकलेला असू शकतो.

काटा बरोबर मध्यावर येत असेल तर माझा अंदाज चुकला असं लगेच धरू नका. बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो. काटा खरं सांगतो आणि कॉम्प्युटरला खोटं कळतं असं होतं. कॉम्प्युटरच्या त्या सेन्सरचा प्लग काढून मल्टिमीटर लावा. २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम आणि ८० ला सुमारे ३०० ओहम यायला हवेत. गरम इंजिनावरही किलोओहम दाखवत असेल तर तो बदला.

पुढची पायरी म्हणून चारही प्लग काढून क्रमानं कापडावर मांडा. चारही सारखेच काळे, कोरडी काजळी धरलेले असतील तर कारण चौघांना सामायिक आहे: तापमान, सायलेन्सरच्या पाईपवरचा ऑक्सिजन सेन्सर, तुंबलेला फिल्टर, पेट्रोलचं प्रेशर. एकच काळा किंवा ओला असेल तर त्याच सिलिंडरचा प्लग, वायर, इंजेक्टर बघायचा. प्लगच्या वायरी तपासायला रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीनं पाण्याचं बारीक धुकं मारा. जिथं इन्शुलेशन फाटलंय तिथं निळी ठिणगी दिसते. हात लावू नका, फक्त बघा.

अजून एक स्वस्त तपासणी तुमच्या खिशातच असेल. आपल्याकडं एमिशन म्हणतात, कोल्हापूरकडं पीयूसी म्हणतात, ती धुराच्या तपासणीची चिठ्ठी. लोक तिच्यावरची तारीख बघतात, आकडे कुणी बघत नाही. तुमच्या काळातल्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. गाडी नीट तापवून समोर उभं राहून टेस्ट करून घ्या. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर पेट्रोल जास्त पडतंय. तो कमी आणि हायड्रोकार्बनच जास्त, तर कुठंतरी सिलिंडर मिस होतोय किंवा व्हॅक्युमच्या पाईपमधून हवा घुसतेय.

ऑक्सिजन सेन्सर लगेच बदलू नका. गरम इंजिनावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली व्हायला हवा. प्लग काळे आणि हा ०.१ लाच चिकटलेला, तर सेन्सर मेलाय किंवा त्याच्या आधी सायलेन्सरचा पाईप फुटून हवा आत येतेय. बाजारातले ब्लूटूथ स्कॅनर बहुधा तुमच्या गाडीला लागणार नाहीत, कारण गाडीनं स्वतःचा दोष स्कॅनरला सांगायची सोय, म्हणजे ओबीडी, आपल्याकडं २०१० पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली.

ब्रेक जाम असले तरी ॲव्हरेज पडतं, पण त्यानं काजळी धरत नाही. दहा किलोमीटर सपाटीवर चालवून, ब्रेक न मारता गाडी हळूहळू थांबू द्या आणि चारही रिमांजवळ हात न्या. एक जास्त गरम लागली तर तो ब्रेक धरतोय. घाट उतरून लगेच ही तपासणी करू नका, तेव्हा सगळेच गरम असतात.

आणि ॲव्हरेज पेट्रोलच्या काट्यावरून मोजत असाल तर ते सोडा. एकाच पंपावर, ऑटो कटपर्यंत टाकी फुल करा, रीडिंग लिहा, पुढच्या वेळी परत तिथंच ऑटो कटला फुल करा. अशा तीन टाक्या झाल्या की आकडा खरा. एकदा कोगनोळीला आणि एकदा बेळगावात, असं केलं की हिशोब बिघडतो. टायर मोठे टाकलेत का तेही सांगा. तेरा इंची रिमवर १४५/८० च्या जागी १५५/८० टाकला की मीटर जवळपास ३ टक्के कमी किलोमीटर दाखवतो.

माझ्या गाडीनं थर्मोस्टॅट बसवल्यावर तिसऱ्या टाकीला १४ च्या जरा वर दिलं आणि सिग्नलची थरथर गेली. दुरुस्तीनंतर ऑइलही बदला. इतके महिने जास्तीचं पेट्रोल सिलिंडरवरून खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं, डिपस्टिकचा वास घेतला तरी कळेल. पातळी हलत नाही असं तुम्हाला दिसतंय त्याचंही हे एक कारण असू शकतं, म्हणून निळ्या धुराकडं नवं ऑइल घातल्यावर महिनाभर परत लक्ष ठेवा.

उद्या पाईप आणि काटा बघितलात की इथंच लिहा, एमिशनचे दोन आकडे मिळाले तर तेही टाका. पुढचं त्यावरून सांगतो.